काकाजी, तुम्ही ड्रॉइंग उलटं धरलंत म्हणून

प्रिय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल. तुमच्या शेडमध्ये उभ्याउभ्या आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू द्या ना जी" म्हणून रंध्याकडे वळता आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. आता तुम्हाला ऐकावंच लागेल.

जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. तुम्ही लाकडाचे कारागीर. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या ठासणीच्या बंदुकांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती बनवते. तोंडाकडून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, ती बंदूक. माझ्या बंदुकीची नळी भरीव असते, तिला भोकच पाडलेलं नसतं. वाजणारी बंदूक बनवायला 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि मला तिचा आवाज नकोच आहे. मला हवं असतं ते लाकूड, पितळ आणि त्यावर फिरलेला माणसाचा हात. लहानपणी बाबा मला नागपूरच्या अजब बंगल्यात न्यायचे. 1863 सालचं ते संग्रहालय, तिथल्या शस्त्रांच्या दालनात मी काचेला नाक लावून उभी राहायचे. ते वेड तिथलं.

या वेळी मी बनवायला घेतली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल. अठराव्या शतकात तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी आपली मायदेशची आखूड, जाडजूड शिकारी रायफल बदलत बदलत लांब आणि सडपातळ केली. गोळी लहान केली, म्हणजे शिसं कमी लागायचं आणि दारूही. गोळी तेलातुपाने माखलेल्या कापडाच्या चकतीत धरून ठासायची. ते कापड नळीतल्या आट्यांना, म्हणजे आत कोरलेल्या पिळदार खाचांना, घट्ट बसायचं आणि गोळी गरगर फिरत सरळ जायची. पण मी भाळले ते तिच्या दस्त्यावर. नळीच्या टोकापर्यंत गेलेलं एकसंध लाकूड, चापाच्या मागे बारीक होत गेलेली मान, आणि मागे कुंद्यात पितळी झाकणाची एक छोटीशी पेटी. झाकणाची नक्षी प्रत्येक कारागिराची वेगळी. तिथल्या लँकेस्टर भागातल्या कित्येक झाकणांवर डेझीचं फूल दिसतं.

आणि मी डावखुरी आहे. इथूनच सगळं सुरू झालं.

ही गारगोटीची बंदूक. घोड्यातली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते आणि वाटीतली रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, पेटते. घोडा, पोलाद आणि रंजकाची वाटी हे सगळं नळीच्या उजव्या अंगाला असतं. डाव्या खांद्याला लावणाऱ्याचा चेहरा नेमका त्याच बाजूला येतो, आणि रंजक पेटली की भडका थेट डोळ्यांसमोर. म्हणून डावखुऱ्यासाठी सगळं पालटून बनवावं लागतं. पूर्वी अशा बंदुका फार थोड्या बनल्या, पण बनल्या. मला माझ्यासाठी तशीच हवी होती. ती वाजणार नाही हे मला माहीत आहे. तरी हातात धरली की ती माझ्या अंगाला बसली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्यासाठी मी ज्या ज्या दारात गेले, तिथलं काय सांगू. एका फर्निचरवाल्याने एका नगासाठी मशीन लावत नाही असं तोंडावर सांगितलं. त्याचा मला राग नाही, त्याने माझा वेळ तरी वाचवला. दुसऱ्याने आगाऊ पैसे घेतले, फोन उचलायचं बंद केलं, आणि शेवटी माझं लाकूड परत दिलं ते रेषांवर आडवं कापून. ज्याला लाकडाची जाण आहे त्याला कळेल की तशी मान जरा जोर पडताच कट्कन मोडते. तिसरा माझ्याशी बोलेचना. "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." साहेबांना यातलं काही कळत नाही, छंद माझा आहे, असं सांगूनही त्याची नजर माझ्या मागे कुणी येतंय का तेच शोधत होती. आणि चौथा म्हणाला, "मॅडम, शोकेसमध्येच ठेवायची ना? डावी काय अन् उजवी काय, कोणाला कळते?"

मला कळतं ना. पण तेव्हापासून मी डावं म्हणायचंच सोडून दिलं होतं. लकडगंजातल्या लाकूडबाजारात तुमचा पत्ता मिळाला तेव्हा मी बाजारात मिळतं तसं उजव्या हाताचं ड्रॉइंग गुंडाळून आणलं होतं आणि तेवढंच तुमच्यापुढे ठेवलं.

तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत, काम काय तेही लगेच विचारलं नाहीत. शिसमाच्या फळीवरून ओलं फडकं फिरवलंत, रेषा उठून आल्या. त्या कुठून कुठे जातात ते दाखवलंत आणि मानेचा आकार कुठे बसेल ते मला खूण करायला सांगितलंत. मी पेन्सिल घेतली, खूण केली. तुम्ही माझ्या हाताकडे पाहत होता.

"ताई, तुम्ही डेबऱ्या हाताच्या दिसता जी."

मी हो म्हटलं. तुम्ही एक पट्टी उचलून माझ्या हातात दिलीत, "धरा बरं खांद्याले." मी डाव्या खांद्याला लावली. तुम्ही फिरून माझ्या दुसऱ्या बाजूला आलात, गाल कुठे टेकतो तिथे बारीकशी रेघ ओढलीत, कोपरापासून बोटापर्यंत सुतळीने माप घेतलंत. मग माझं ड्रॉइंग उचललंत, खिडकीपाशी गेलात, कागद पालटून काचेवर धरलात. दुपारचं ऊन होतं. कागदातून सगळ्या रेघा आरपार दिसायला लागल्या, घोडा डावीकडे आला, गालाचा उठाव उजवीकडे. आणि तुम्ही काही न बोलता पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्या रेघा गिरवायला लागलात. मध्येच मान वळवून एवढंच म्हणालात, "हे टोक धरून ठेवा जरा."

काकाजी, मी कागदाचं टोक धरून उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते. तुम्ही पाहिलं नाहीत, बरं झालं. लहानपणी माझ्या डाव्या हातावर फूटपट्टी बसलेली आहे. वहीत शाई पसरते म्हणून, नैवेद्य डाव्या हाताने वाढायचा नसतो म्हणून, आरतीचं ताट उजव्या हातात घे म्हणून आयुष्यभर ऐकलेलं आहे. कात्री, भाजी कापायची विळी, शाळेतलं बाक, सगळं दुसऱ्याच हातासाठी बनलेलं. मला त्याची सवय झाली आहे. पण माझ्यासाठी कुणी कागद पालटून धरला, असं मला तरी आठवत नाही. आणि तुम्ही तो उपकार केल्यासारखा नाही धरलात. माप चुकायला नको म्हणून धरलात. माझ्या मनाला सर्वांत जास्त भिडलं ते हेच.

पुढचं तुमचं काम मी शब्दांत काय मांडणार. नळी आणि लॉक, म्हणजे घोड्याचं यंत्र, लाकडात बसवताना तुम्ही दिव्यावर धरलेल्या पत्र्याची काजळी लोखंडाला पुसायचात, दाबून उचलायचात, आणि जिथे काळा डाग उमटला तेवढंच पटाशीने खरवडायचात. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. शेवटी शेवटी पटाशीखाली लाकूड निघत नव्हतं, नुसती भुकटी यायची. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये केस घालायला जागा उरली नाही. चापाच्या खालची पितळी कडी ओतून घ्यायची होती, त्याचा लाकडी साचा तुम्ही मुद्दाम जरा मोठा केलात. हिंगण्याच्या एमआयडीसीत हयात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे, बनवण्यात गेलेला तुमचा हात. पितळ थंड होताना शेकडा दीडच्या आसपास आकसतं, हे मी वर्गात प्रसरण-आकुंचन शिकवताना फळ्यावर लिहिते. तुमच्याकडे त्यासाठी वेगळी पट्टीच होती, जिच्यावरचा प्रत्येक इंच तेवढाच वाढवलेला. ती पट्टी मी वर्गात दाखवायला मागितली, तर तुम्ही पुसून, कागदात गुंडाळून दिलीत. आमच्या नववीच्या पोरांनी ती साध्या फूटपट्टीशेजारी ठेवून पाहिली आणि अख्खा तास तिच्यावरच गेला.

पैशांचंही लिहिते, कारण लोकांना वाटतं चांगुलपणा म्हणजे फुकट करून देणं. तुम्ही पहिल्याच दिवशी आकडा सांगितलात, शेवटी तेवढाच घेतलात, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. मी वर काही द्यायला गेले तर परत केलेत. मला ते फार आवडलं. तुम्ही माझं काम काम म्हणून घेतलं होतं. बाईमाणसाचं खूळ म्हणून नाही, मेहेरबानी म्हणूनही नाही.

आणि उरलेला शिसमाचा तुकडा. तो मला घरी पिशवीत सापडला. त्यावर सुतारी पेन्सिलीने बाण काढून रेषांची दिशा दाखवलेली आणि खाली "ताईची बंदूक". कधी कुठे टवका गेला तर त्याच झाडाचं लाकूड हाताशी असावं म्हणून. मी मागितला नव्हता. आगाऊ पैसे खाणाऱ्याने माझ्या फळीचा अर्धा भाग कुठे घालवला ते आजही कळलेलं नाही.

नागपुरात अशी माणसं अजून आहेत, हे मला लोकांना सांगायचं आहे. सीताबर्डीवर घड्याळाचा तीस रुपयांचा पट्टा बसवताना भिंग लावणारा आहे. महालात जुन्या नऊवारीचा काठ काढून नव्या साडीला असा लावणारी आहे की जोड शोधून सापडत नाही. त्यांना कुणी पुरस्कार देत नाही, त्यांच्या दुकानाला धड पाटीही नसते. समोरच्याची लहानशी गरज लहान आहे म्हणून ते ती ढकलून देत नाहीत. मोठ्या दुकानात एसीत बसून "कोणाला कळते" म्हणणाऱ्यांनी तासभर तुमच्या शेडमध्ये येऊन नुसतं उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

बंदूक आता पूर्ण होत आली आहे. पेटीच्या झाकणावर मी डेझी घेतली नाही, संत्र्याचं पाच पाकळ्यांचं फूल घेतलं आहे. सराफ्यातला एक नक्षीवाला ते कोरतो आहे. दस्त्याला जवसाच्या तेलाचे हात देणं चालू आहे, तुम्ही सांगितलंत तसं पातळ, आणि मधे चांगलं वाळू देऊन. झाकण बसलं की पहिल्यांदा ती तुमच्या खांद्याला लावून बघायची आहे. तुमचा खांदा उजवा, तुम्हाला ती अवघडच जाईल, पण धरून बघा.

काकूंना नमस्कार सांगा. यंदा तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या, बंदुकीचं काम काढायचं मनात आहे. तिचा दस्ता बारीक आणि सरळ असतो, त्याला कोणतं लाकूड घ्यावं ते तुम्हीच लकडगंजात माझ्याबरोबर येऊन सांगायचं. रविवारी सकाळी येते.

तुमची,
ताई