शपथ तिकडे, नाव इकडच्या मतदार यादीत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मतदार यादीच्या पडताळणीला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) दारात आले की ठाण्यात, वाशी-नेरूळमध्ये घरोघरी एक उत्तर ऐकू येते : ‘मुलगा अमेरिकेत असतो, पण नाव राहू द्या, येऊन-जाऊन असतो.’ विषय तिथेच संपतो. खरे तर पुढचा प्रश्न विचारायला हवा : त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे का? भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याला अर्ज क्र. ६-ए भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येते. ग्रीन कार्डवाला, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना असलेलाही भारतीयच असतो. पण ज्या दिवशी तो अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतो, त्याच दिवशी नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी इथल्या कुणी आदेश काढावा लागत नाही. अमेरिकेच्या शपथेची सुरुवातच आधीच्या देशावरची निष्ठा पूर्णपणे सोडत असल्याच्या घोषणेने होते. नागरिकत्वाच्या अर्जाची मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक झाला, असे मात्र नाही; शपथ होईपर्यंत काहीच बदलत नाही.

त्या दिवसाची कागदपत्रे इकडच्या घरच्यांनाही ठाऊक असावीत, कारण पुढची धावपळ बऱ्याचदा आई-वडिलांच्या आजारपणामुळे किंवा घरच्या लग्नामुळे होते. समारंभाला एन-४४५ हे बोलावणे भरून न्यायचे असते. मुलाखतीनंतर देशाबाहेर गेला होतात का, लग्न-घटस्फोट झाला का, असे प्रश्न त्यावर असतात. मधल्या काळात कुणी दिवाळीला ठाण्याला येऊन गेलेला असतो आणि सवयीने सगळीकडे ‘नाही’ लिहितो. प्रवास करणे हा गुन्हा नाही, खोटे उत्तर देणे अंगाशी येऊ शकते. ग्रीन कार्ड तिथेच जमा होते आणि हातात नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे नागरिकत्व मिळाल्याचा दाखला पडतो. ते सर्टिफिकेट फोटोसाठी उंचावण्याआधी अक्षर न् अक्षर वाचावे. ‘वैद्य’च्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘ए’ गळला, वडिलांचे नाव मधले नाव म्हणून आले की पहिल्या नावाला जोडले गेले, जन्मतारीख बरोबर आहे का, हे हॉलमधून बाहेर पडण्याआधीच तिथल्या अधिकाऱ्याला दाखवावे. नंतर दुरुस्तीसाठी एन-५६५ चा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यात महिने जातात. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायकांना हा त्रास जास्त होतो, कारण शाळा सोडल्याचा दाखला, जुना पासपोर्ट आणि नवे सर्टिफिकेट यांत तीन वेगळी नावे निघतात.

यानंतरचे काही आठवडे सर्वांत अडचणीचे. ग्रीन कार्ड गेलेले, अमेरिकन पासपोर्ट अजून आलेला नाही आणि भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो कपाटात असला, मुदत शिल्लक असली तरी वापरल्यास दंड आहे. म्हणून गणपतीची तिकिटे शपथेच्या तारखेला चिकटवून काढू नयेत. पासपोर्टच्या अर्जासोबत मूळ सर्टिफिकेट पाठवावे लागते, त्यामुळे तेवढे दिवस तेही हातात नसते. घरी कुणी अत्यवस्थ असेल तर तातडीच्या पासपोर्टची सोय आहे, पण पुरावा लागतो : हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सहीचे, प्रकृती स्पष्ट सांगणारे इंग्रजी पत्र. इकडच्या नातेवाइकांनी पहिल्या दिवशी करायचे काम ते हेच.

अमेरिकन पासपोर्ट आला की भारतीय पासपोर्ट रद्द करून तसे सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचे आणि ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज करायचा. ओसीआयच्या अर्जात तारीख आपल्या पद्धतीने, दिवस आधी लिहायची असते. अमेरिकन सवयीने महिना आधी लिहिला की ४ जुलैचा ७ एप्रिल होतो. सहीचा स्कॅन उंचीच्या तिप्पट रुंद लागतो. रद्द झालेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नये, पुढेही लागतो. आणि मुलांचे काय, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अठरा वर्षांखालची, ग्रीन कार्ड असलेली, आई-वडिलांजवळ राहणारी मुले आई किंवा वडील नागरिक झाले की अमेरिकन कायद्याने आपोआप नागरिक होतात. त्यांना शपथेला बोलावणे येत नाही, म्हणून त्यांचे भारतीय पासपोर्ट परत करायचे राहून जातात आणि ओसीआयच्या वेळी घोडे अडते.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. मुरबाड-शहापूरकडची वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळाली तर ठेवता येते, पण ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. मुलांमुळे ग्रीन कार्ड घेऊन पुढे शपथ घेतलेले आणि आता नौपाड्यातल्या, घोडबंदर रोडच्या स्वतःच्या घरात परतलेले आजी-आजोबाही यात आले. मतदार ओळखपत्र कपाटात आहे एवढ्यावर मताचा हक्क टिकत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १६ नुसार जो भारताचा नागरिक नाही, त्याचे नाव यादीत राहू शकत नाही.

निवडणूक यंत्रणेला विनंती आहे की बीएलओंनी ‘परदेशात आहे का’ एवढ्यावर न थांबता नागरिकत्वाचा प्रश्न थेट विचारावा. नाहीतर नोकरीपुरते गेलेल्या खऱ्या मतदारांची नावे उडतात आणि शपथ घेतलेल्यांची राहतात, असे दोन्हीकडून नुकसान होते. पण घरच्यांनी तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. नाव वगळण्याचा अर्ज क्र. ७ ऑनलाइन भरता येतो किंवा बीएलओंकडे देता येतो, आणि त्याच मतदारसंघातले आई-वडीलही तो देऊ शकतात. कारणांमध्ये ‘भारतीय नागरिक नाही’ हा पर्याय असतो. ‘स्थलांतरित’वर खूण करू नये.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)