बागेची आठवण साखळीने मोजावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली मराठवाड्यातली निवृत्त मंडळी आपापल्या गावाच्या आठवणी हौसेने लिहितात. त्यांत हमखास एक बाग असते. ‘तिथे पूर्वी मोठी बाग होती, काय ती झाडं, काय तो गारवा!’ आणि लगेच पुढे, ‘आता तिथे कॉम्प्लेक्स झालंय.’ बाग नेमकी कुठे होती, किती गुंठ्यांची होती, पाणी कुठून यायचं, कोणत्या साली मोडली, यातलं काहीच कळत नाही. दुसरीकडे, लेक-जावई इंग्लंडात असलेले आजी-आजोबा उन्हाळ्यात तिकडे राहून येतात आणि इथल्या लोकांना गुलाबांचे फोटो दाखवतात. गुलाब काय, आपल्याकडेही येतात. तिकडून खरं तर आणायला हवी ती तिथल्या हौशी मंडळींची रीत. लहानशा गावातल्या मोडलेल्या बागेचाही इतिहास ते कसा जुळवतात, ते पाहण्यासारखं आहे.

त्यांचा पहिला आधार म्हणजे नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याने १८५० च्या दशकापासून मैलाला २५ इंच या प्रमाणाचे नकाशे काढले. त्यावरचा एक चौरस इंच म्हणजे जवळजवळ एक एकर. जुन्या आवृत्तीत बागेतली पायवाट, काचघर, इतकंच काय, एकटं उभं झाडसुद्धा दाखवलेलं सापडतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्याच्याही मागे जायचं तर १८३६ च्या दशमांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कायद्यानंतर झालेले गावोगावचे नकाशे आहेत. त्यांच्या सोबतच्या यादीत प्रत्येक तुकड्याचा मालक, कसणारा आणि जमिनीचा वापर लिहिलेला असतो. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली बाग आधी या कागदांवर शोधायची, मग लिहायला घ्यायचं.

आपल्याकडे असे कागद नाहीत, असं कोणी म्हणू नये. तहसीलच्या अभिलेख कक्षात सेतवार आहे, १९५४-५५ चं खासरा पत्रक आहे; दोन्ही जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदी. विहिरीची, फळझाडांची नोंद शोधायला आधी तिथेच जावं. मात्र दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिली गोष्ट सालाची. निजामी कागदावर नुसतं ‘१३४०’ दिसलं की कोणी ते हिजरी धरतो आणि १९२१-२२ लिहून मोकळा होतो. ते फसली (महसुलासाठी वापरलेली कालगणना) असेल तर १९३०-३१ होतं. नऊ वर्षांचा फरक! निजामाच्या शेवटच्या काळात फसली साल ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून फसली आकड्यात ५९० मिळवावेत आणि ते व त्याच्या पुढचं अशी दोन्ही सालं लिहावीत. दुसरी गोष्ट नावांची. अंबाजोगाईचे जुने कागद ‘मोमिनाबाद’ या नावाखाली आहेत. धाराशिव आणि संभाजीनगरचं तर सांगायलाच नको. हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांखालच्या सैन्याच्या, छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद इथे होत्या. हे सैन्य १९०३ मध्ये भारतीय लष्करात मिसळलं. छावणीतल्या बंगल्यांच्या आवारातल्या बागांविषयी शोधायचं असेल तर त्याआधीचे लष्करी कागद वेगळे आणि नंतरचे वेगळे, हे ध्यानात ठेवावं.

दुसरा आधार मापाचा. इंग्लंडात नगरपालिका भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देते, त्यांना अलॉटमेंट म्हणतात. मागणी असेल तर असे तुकडे पुरवणं हे १९०८ च्या कायद्याने पालिकांचं कर्तव्यच ठरवलं. जुन्या आठवणींत हा तुकडा ‘दहा रॉड’ किंवा ‘दहा पोल’ असा येतो आणि आपला वाचक तिथे अडतो. रॉड, पोल आणि पर्च ही एकाच मापाची तीन नावं: साडेसोळा फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे दोन रॉड लांब, दोन रॉड रुंद. एका गुंठ्यात चार चौरस रॉड बसतात, म्हणून दहा रॉडचा तुकडा बरोबर अडीच गुंठ्यांचा. हा योगायोग नाही. त्यांची जमीनमोजणीची साखळी ६६ फुटांची, आपली ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. एकाच घराण्यातली मापं ही. लेचवर्थ हे १९०३ मध्ये वसवायला घेतलेलं पहिलं उद्याननगर, म्हणजे बागांना जागा ठेवून आखलेलं शहर. त्याचे वास्तुकार रेमंड अन्विन यांचा आग्रह एकरी बारापेक्षा जास्त घरं नकोत असा होता. म्हणजे घरामागे सव्वातीन गुंठ्यांहून थोडं अधिक, रस्ते सोडून. आपल्या लेआउटमधला प्लॉट याच्याशी ताडून पाहावा, मग बाग का मावत नाही ते समजेल.

तिसरा आधार जागेवरच्या खुणांचा. इंग्लंडातल्या एखाद्या जुन्या पार्कच्या बुटक्या भिंतीवर हात फिरवला तर वरच्या दगडात ओळीने बोथट लोखंडी खुंट लागतात, प्रत्येकाभोवती शिशाचं करडं कडं. १९४१ पासून युद्धासाठी भंगार हवं म्हणून पार्कांचे कठडे कापून नेले, त्याचे हे बुडखे. म्हणजे ‘आमच्या लहानपणी पार्कला रेलिंग होतं’ असं कोणी म्हणालं की ती आठवण बहुधा १९४१ च्या अलीकडची नसते. मोठ्या वाड्यांच्या भाजीच्या बागांना दहा-बारा फूट उंच विटांची भिंत असे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या विटांमधल्या सांध्यांत खिळ्यांची भोकं दाट दिसली, तर तिथे पीचसारखी फळझाडं पसरून बांधत होते असं समजावं. फांदीला चिंधीचा वेढा द्यायचा आणि खिळा चिंधीत मारायचा, फांदीत नाही. काही भिंती आतून पोकळ असतात, धुराचा मार्ग ठेवलेल्या. मागच्या बाजूला भट्टी पेटवून भिंत गरम करत, म्हणजे थंडीत मोहोर गळत नसे. अशा भिंतीतली काजळी आजही खरवडून निघते.

आपल्या बागांच्या खुणा भिंतीपेक्षा पाण्याच्या असतात. म्हणून मुलाखत घेताना ‘बाग कशी होती?’ असं विचारूच नये. त्यावर ‘फार सुंदर होती’ एवढंच उत्तर मिळतं. ‘पाणी कुठून यायचं?’ विचारावं. मग मोट येते, तिची धाव कोणत्या दिशेला होती ते येतं, थारोळं, पाट, हौद, बैलजोडी कोणाची, सगळं ओळीने येतं. संभाजीनगरात तर बागेचा शोध नहरींच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या वाटांच्या, शोधापासून सुटाच करता येत नाही. काळ ठरवायला लोकांना सन विचारू नये, खुंटी द्यावी: पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली होती का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ते झाड होतं का? आणि एकच आठवण दोन घरांतून, वेगवेगळी बसवून, ऐकावी. चौघांना एकत्र बसवलं की सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण बाकीच्यांची होते. मोबाइलवर रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवावा, नाहीतर नंतर पंखाच ऐकू येतो.

झाडाच्या वयाबद्दल थोडं सावध राहावं. ब्रिटनमध्ये वृक्षतज्ज्ञ ॲलन मिचेल यांचा ठोकताळा वापरतात: मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला सुमारे एक इंच वाढतो, दाट रानात त्याच्या निम्मा. तो तिथल्या थंड, बारमाही ओलाव्याच्या हवेसाठी आहे. आपल्या वडाला तो लावला तर गणित पारच चुकतं, कारण पारंब्या खोडाला चिकटून घेर फुगवतात. चिंचेची वाढ विहिरीजवळ वेगळी, माळावर वेगळी. ‘चारशे वर्षांचा वड’ असं लिहिण्यापेक्षा जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर टेपने घेऊन तारखेसह लिहून ठेवावा. झाडाला पाटी लावायची तर तार गुंडाळू नये. खोड वाढतं, तार सालीत रुतते.

रोपांच्या बाबतीत दोन्हीकडची गंमत सारखीच आहे. घाणेरी आपल्याकडे शोभेचं झुडूप म्हणून बागेत आली, आज ती माळरानांवर माजली आहे. तिकडे हिमालयातला एक तेरडा १८३९ मध्ये बागेसाठी नेला. आपण म्हणतो तेरड्याचा रंग तीन दिवस. ब्रिटनच्या नदीकाठांवरून तो पावणेदोनशे वर्षांनंतरही हटायला तयार नाही.

शेवटचं, जागा पाहायला कधी जावं याबद्दल. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थच्या हिरवळीवर १६९९ च्या बागेचा आखीव नकाशा आपोआप उमटला. गाडलेल्या वाटा-दगडांवर मातीचा थर पातळ, तिथलं गवत आधी पिवळं पडतं. बुजलेल्या चारीवर माती खोल, तिथलं हिरवं राहतं. हाच नियम धरून आपल्याकडे दिवाळीनंतर, गवत वाळायला लागतं त्या दोन-तीन आठवड्यांत जावं. सकाळी ऊन तिरपं असताना गच्चीवरून फोटो काढावेत. मे महिन्यात गेलात तर सगळंच पिवळं असतं आणि काळ्या रानाच्या भेगांशिवाय काही दिसत नाही.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर