मेगावॉट मोजतो, तशी ग्रिडची लयही मोजायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यात सौरऊर्जा किती मेगावॉटने वाढली, याच्या बातम्या आपल्या अंकात नेहमी असतात. त्या वाचून बरं वाटतं, कारण शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी. पण माझी सगळी नोकरी जलविद्युत केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. त्यामुळे या बातम्यांतून राहून जाणारी एक गोष्ट मला मांडायची आहे: ग्रिडची, म्हणजे देशभर जोडलेल्या वीजजाळ्याची, लय.

चंद्रपूरचे औष्णिक संच, कोयनेची टर्बाइनं, पंजाबातली नि तमिळनाडूतली मशीनं या सगळ्यांचे फेरे वेगवेगळे असतात, पण त्यांच्या विजेची लय एकच, सेकंदाला 50 आवर्तनं. देशात कुठेही मागणी अचानक वाढली तर सगळी मशीनं एकदम किंचित मंदावतात, आणि घटली तर सगळी एकदम वेग घेतात. ही लय 49.90 ते 50.05 हर्ट्झमध्ये (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक आवर्तन) राखायची, असा नियम आहे.

नवं युनिट (वीज तयार करणारं मशीन) ग्रिडला जोडून घ्यायचं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं. पॅनलवर सिंक्रोस्कोपचा, म्हणजे मशीनची लय ग्रिडशी जुळते का ते दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटा फिरत असतो. मशीन जलद असेल तर एका दिशेला, मंद असेल तर उलट. व्होल्टेज जुळवायचं, मग मशीनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा स्विच हलक्या हाताने ‘रेज’-‘लोअर’ करत काटा जलदच्या बाजूला, पण अगदी संथ फिरेल असा आणायचा. मशीन ग्रिडला जोडणारा मोठा स्विच म्हणजे ब्रेकर, त्याला लागायलाही क्षणभर वेळ लागतो, म्हणून काटा बारावर यायच्या थोडं आधीच हँडल फिरवायचं. जुळलं तर फक्त ब्रेकरचा आवाज येतो. चुकलं तर सगळा शाफ्ट हादरतो आणि तो हादरा पायाखालच्या जमिनीतून जाणवतो.

31 डिसेंबर 2013 रोजी हेच काम अख्ख्या दक्षिण भारतासाठी झालं. रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाइन जोडली गेली आणि सगळा देश एका लयीत आला. त्याआधी आपल्या भद्रावतीतून दक्षिणेकडे वीज जायची, पण ती डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करून. डीसीला लय जुळवावी लागत नाही. सोलापूरने तो टप्पा ओलांडून दिला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

जोडणं मोठं, तसा धोकाही मोठा. 30 जुलै 2012 च्या पहाटे बिना–ग्वाल्हेर ही 400 केव्हीची लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. लाइनवर फॉल्ट, म्हणजे बिघाड, काहीच नव्हता. भार इतका चढला होता की बिघाड दिसताच लाइन तोडणाऱ्या रिलेला तो फॉल्टच वाटला. मग पश्चिमेची वीज पूर्वेकडून लांबचा वळसा घेऊन उत्तरेला जाऊ लागली, तो ताण झेपला नाही, आणि उत्तर ग्रिडची लय सुटली. दुसऱ्याच दिवशी दुपारी तीच लाइन पुन्हा गेली आणि उत्तर, पूर्व, ईशान्य असे तीन ग्रिड कोसळले. हजारो किलोमीटरच्या जाळ्यात एक दुवा एवढा मोलाचा ठरला.

याची दुसरी बाजू 5 एप्रिल 2020 ला दिसली. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले. मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. घटली सुमारे 31 हजारांनी! लय 49.70 ते 50.26 हर्ट्झ एवढी हलली, पण तुटली नाही. कारण देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत सुमारे साडेसतरा हजार मेगावॉट उतरवले आणि दिवे लागताच पुन्हा भार उचलला. कोळशाच्या संचांना एवढी चपळाई जमत नाही. म्हणजे जाळं सांभाळायला प्रत्येक मशीन हाताशी लागत नाही, नेमकी काही हाताशी असली की बाकीची त्यांच्यामागून येतात. ती कोणती, हे माहीत हवं आणि ती तयार हवीत.

दुपारी सौरवीज भरपूर असते तेव्हा हीच फिरणारी मशीनं बंद केली जातात. सौर पॅनलमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे धक्का सोसणारं जडत्वही नसतं. पॅनलची डीसी वीज ग्रिडजोगी करणारे त्याचे बहुतेक इन्व्हर्टर ग्रिडची लय बघून चालतात, स्वतः लय धरत नाहीत. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा व्होल्टेज चढत गेलं आणि केंद्रं एकामागून एक सुटत गेली. सगळा दोष सौरऊर्जेवर टाकणं मला पटत नाही. व्होल्टेज आवरणारी यंत्रणा त्या वेळी पुरी पडली नाही, हा खरा मुद्दा आहे.

यावर एक उपाय आपल्या घरातच आहे. जलविद्युत युनिटचं पाणी बंद करून, ग्रिडमधून थोडीशी वीज घेत ते नुसतं फिरतं ठेवता येतं. याला सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून चालवणं म्हणतात. युनिट जडत्व देतं, व्होल्टेज सावरतं, आणि विजेसाठी पाणी खर्चत नाही. कोयनेच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. ते पाणी संध्याकाळच्या मागणीसाठी आणि अडीअडचणीसाठी राखलं पाहिजे.

राज्यातल्या जुन्या जलविद्युत संचांचं नूतनीकरण निघेल तेव्हा ही सोय निविदेतच असावी, आणि या सेवेचे केंद्राला वेगळे पैसे मिळावेत. फक्त तयार केलेल्या विजेचेच पैसे मिळणार असतील, तर पाणी बंद ठेवून मशीन फिरवायला कुणी धजावणार नाही. सौर प्रकल्पांसोबत येणाऱ्या बॅटऱ्यांना ग्रिड-फॉर्मिंग, म्हणजे स्वतः लय धरणारे, इन्व्हर्टर सक्तीचे करावेत. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, की नव्या प्रकल्पाच्या बातमीत मेगावॉटच्या आकड्याबरोबर एवढं जरूर विचारा: ग्रिड हलला तर हा प्रकल्प लय धरणार, की सुटून जाणार?

आपला,
एक निवृत्त जलविद्युत ऑपरेटर, चिपळूण