दिव्याच्या काकांना, उशिरा का होईना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून आता चारचौघांसमोर लिहितोय. टाळता येणार नाही.

पहाटेच्या पाळीला सायकलने जायचं म्हणून मी पहिला दिवा केला, तेव्हा काम अगदी सोपं वाटलं होतं. ३ वॅटचा पांढरा एलईडी, १८६५० मापाचा एक चार्ज होणारा लिथियम सेल, मध्ये बटण, आणि हे सगळं जुन्या टॉर्चच्या डोक्यात कोंबलेलं. काय उजेड पडला! पाचेक मिनिटांत तो निळसर झाला, मग मंद, मग काहीच नाही. असे दोन एलईडी जाळून मी तिसरा घेऊन तुमच्याकडे आलो.

तुम्ही जोडणी बघितलीच नाही. दिवा लावायला सांगितलात, एलईडीच्या पाठीवर बोट टेकवलंत आणि झटकन मागे घेतलंत. "तुझा दिवा गुदमरतोय," म्हणालात. मग कागद ओढून हिशोब मांडलात: भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, एलईडीला लागतात ३ च्या आसपास, उरलेले १.२ कुठेतरी खर्च व्हायला हवेत. त्यांना ०.३५ अँपिअरने भागलं की साडेतीन ओहमच्या आतबाहेर, म्हणून ३.३ ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा रोधक), १ वॅटचा. ३ वॅटचा दिवा एका वॅटावर चालवायचा, हे मला कंजूषपणाचं वाटलं होतं. पण तेवढ्यात खड्डे नीट दिसतात, आणि २६०० एमएएच क्षमतेचा सेल माझ्या आठ-दहा फेऱ्या सहज काढतो. अर्धा ग्लास पाण्याने तहान भागत असेल तर हंडा कशाला वाहायचा!

मग खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा तुकडा शोधून दिलात. एलईडी त्यावर थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावून बसवला, आणि आता तासाभराने हात लावला तरी सेक्शन कोमटच लागतो. सेलवर थेट डाग द्यायला निघालो होतो, तेव्हा किती ओरडलात! मी घाबरून होल्डर आणला, संरक्षक सर्किट असलेला सेलही आणला. ते ओरडणंही आभारांत धरा.

पण सगळ्यात कामाला आली ती एक क्षुल्लक गोष्ट, वायरचा झोळ. दिव्याच्या डबीत शिरण्याआधी वायर खाली लोंबू द्यायची आणि मग वर न्यायची, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून तिथल्या तिथे टपकतं, आत जात नाही. सिलिकॉनच्या दोन ट्यूब संपवूनही माझ्या डबीत पाणी शिरायचं. झोळ दिल्यापासून एकदाही नाही. शिवाय वायर डागाच्या अगदी कडेला तुटते, कारण तिथे ती कडक झालेली असते, म्हणून अलीकडे बांधून ठेवायची, हेही तुमचंच.

दिव्याचा रोख लावायला तुम्ही मला भिंतीपासून ५ मीटरवर उभं केलंत आणि दिव्याच्या निम्म्या उंचीवर खडूची रेघ मारलीत. झोताचा मध्य रेघेवर आला की तो १० मीटरवर जमिनीला टेकतो. आधी समोरून येणारे डोळ्यांवर हात धरायचे आणि मला वाटायचं, दिवा झकास झालाय!

मागच्या लाल दिव्यावरून मात्र आपलं जमत नाही. लुकलुकत्या दिव्याचं अंतर मागच्याला कळत नाही, हे तुमचं म्हणणं. स्थिर दिव्याकडे लक्षच जात नाही, हे माझं. म्हणून दोन्ही लावलेत. एक गेला तरी दुसरा आहे, एवढं तरी मान्य कराल.

आणि हो, तुमचा मल्टिमीटर अजून माझ्याकडेच आहे. लाल प्रोबची वायर सैल झाली होती, तिला डाग दिलाय. रविवारी आणून देतो.

तुमचा,
दोन एलईडी जाळणारा