इटास्कातल्या शेजारच्या साइटवरच्या काका-काकूंना थँक्यू!

काका, काकू, नमस्कार. जुलैमध्ये मिनेसोटाच्या इटास्का स्टेट पार्कला, बेअर पॉ कॅम्पग्राउंडवर आमच्या बाजूलाच तुमचा तंबू होता, नंबर घ्यायचा राहिला म्हणून इथेच लिहितेय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

रात्री धो धो पाऊस आला तेव्हा काका हेडलॅम्प लावून स्वतःची ताडपत्री घेऊन आले आणि दोन पाइनच्या मध्ये दोरी ताणून अशी बांधली की पाणी सगळं मागच्या बाजूला. वर म्हणाले, खाण्याचं एकूण एक गाडीत ठेवा, चिवड्याचा डबासुद्धा, अस्वलांना काय, चिवडा चालतो! तळ्यावरून लून ओरडला तर आई घाबरून बसली, कोल्हा म्हणे. काकू, तुम्ही तिला सांगितलंत की हा इथला राज्यपक्षी, मग ती झोपली तरी.

पण खरे आभार दुसऱ्या दिवसाचे. मिसिसिपी जिथून निघते तिथे सगळे दगडांवरून उड्या मारत पलीकडे जातात, आईचे गुडघे असे, ती बाकावर बसून राहणार होती. तुम्ही म्हणालात, दगडांवर शेवाळ आहे, ते सोडा, सलवार वर खोचा आणि सरळ पाण्यातून चला, गुडघाभरच तर आहे. आणि चालली की हो ती, तुमचा हात धरून! इथून समुद्रापर्यंत २५५२ मैल असं तिथल्या खांबावर लिहिलंय ते वाचून म्हणाली, नर्मदेचा उगम राहिला बघायचा, हिचा तरी झाला.

आणि शेकोटीजवळ सांगितलेली ती मेरी गिब्जची गोष्ट. १९०३ मध्ये चोविशीतली पोरगी पार्कची कमिशनर, लाकूडवाल्यांनी धरण अडवून तळ्याचं पाणी चढवलं, काठची झाडं बुडायला लागली तर ही बंदुकीसमोर जाऊन उभी राहिली. आई आता पुण्यात फोन करून सगळ्यांना तीच सांगते, दर वेळी बंदूक जरा मोठी होते 😄

तर आई ऑक्टोबरपर्यंत इथेच आहे, आम्ही मिनिअ‍ॅपोलिसला. वाचलंत तर मेसेज टाका आणि जेवायलाच या, पुरणपोळ्या करणार म्हणतेय. तुमची ताडपत्रीची दोरी पण आमच्या डिकीत राहिलीय.