मंत्रिमहोदय, माझी तक्रार 'निकाली' निघाली म्हणे

मा. पर्यटन मंत्री,
मंत्रालय, मुंबई यांस,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात लिहितो. मी अमळनेर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. ३१ वर्षं इतिहास शिकवला. परवा सकाळी चहा घेताना मोबाईलवर संदेश आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' ना कुणाचा फोन, ना चौकशी. गोव्याच्या सहलीत फसवणूक झाल्याची ती तक्रार करून ४१ दिवस झाले होते, की ४२. आता मोजायचं सोडलंय.

आमच्याकडच्या एका यात्रावाल्याने (नाव लिहीत नाही, लग्नकार्यात गाठ पडते) पत्रकावर छापलं होतं: 'ऐतिहासिक गोवा: पणजी, जुने गोवे, मडगाव, म्हापसा.' माणशी साडेअकरा हजार, की बारा. पावती कपाटात आहे, गुडघ्यामुळे उठवत नाही. पेन्शनमधून भरले. सौ.ने दशम्या आणि लसणाची चटणी बांधली, आणि सतरा-अठरा तास आम्ही बसमध्ये आखडून बसलो.

पाच दिवसांत काय पाहिलं? तीन किनारे, दोन काजूची दुकानं (तिथे ड्रायव्हरला चहा फुकट) आणि जुन्या गोव्यात वीस मिनिटं! १५१० मध्ये पोर्तुगीज अल्बुकर्कने घेतलेलं, पुढे रोगराईने ओस पडलेलं, १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला देऊन बसलेलं शहर, आणि वीस मिनिटं. बॉम जेझूस चर्चमध्ये सेंट झेवियरच्या शवपेटीपर्यंतची रांग निम्मी सरली तोच शिट्टी वाजली. समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला, म्हणून इमारत एका अंगाने बोडकी दिसते. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवायचो. प्रत्यक्ष पाहिलं ते रस्त्यापलीकडून, एका हातात चप्पल घेऊन.

पणजी बसच्या काचेतून. फोंताईन्हासच्या रंगीत घरांच्या गल्ल्या 'गाडी आत जात नाही' म्हणून वगळल्या. अहो, गाडी जात नाही म्हणूनच तर माणसं तिथे पायी फिरतात! जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनविद्येतला गोमंतकीय पाद्री आबे फारिया याचा पुतळा आहे, हात पुढे करून एका बाईला संमोहित करतानाचा. तेवढ्यापुरती तरी थांबवा म्हटलं, तर आमचा वाटाड्या म्हणाला, "काका, पुतळे तुमच्याकडे नाहीत का?" मडगाव रद्द. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ ला गोवामुक्तीसाठी सभा घेतली ते मैदान मला सौ.ला दाखवायचं होतं. म्हापसाही रद्द. परतताना ती बसमध्ये हळूच अहिराणीत म्हणाली, "ह्या आपले गोवा दखाडाले लयनात का बसमा बसाडाले?" (यांनी आपल्याला गोवा दाखवायला आणलं की बसमध्ये बसवायला?) मी उत्तर दिलं नाही. पाय सुजून केळीच्या बुंध्यासारखे झाले होते.

आता मागणी. पैसे परत मिळावेत, निदान निम्मे. आणि पत्रकात छापलेलं ठिकाण दाखवलं नाही तर यात्रावाल्याला दंड व्हावा. एवढंच लिहायचं होतं, पण लिहिता लिहिता डोकं तापलं.

कारण साहेब, तुमच्या 'निकाली'ची आम्हा खान्देशी माणसांना जुनी ओळख आहे. पाणी निकाली, कापसाचा भाव निकाली, केळीच्या विम्याचा अर्ज निकाली. वारसा म्हणाल तर आमच्याकडेही इंग्रज साहेबांचा इतिहास आहे. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं, औट्रमने १८२५ मध्ये धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. १९३६ चं काँग्रेस अधिवेशन फैजपूरला भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. हे बघायला कोण येतं? आमच्या तालुक्यात दिशादर्शक पाट्या लावल्या, त्यावर नेत्यांचे वाढदिवस चिकटले! गोव्याला जावं तर यात्रावाला फसवतो, घरी बसावं तर तुम्ही. दर पाच वर्षांनी मात्र दोघंही पत्रक छापता, तेही चकचकीत कागदावर.

ज्याने माझी तक्रार निकाली काढली, त्याने ती उघडून तरी पाहिली का, एवढं कळवावं. पदनाम कळलं तरी चालेल. त्याला सतरा तास त्या मागच्या सीटवर बसवा, चाकाच्या वरच्या. मग निकालाचं बोलू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर तालुका

ता. क. पुरावा म्हणून फोंताईन्हासचा फोटो जोडतोय. अर्ध्या फोटोत निळं घर आहे, अर्ध्यात बसचा पडदा.