लॅपटॉप झोपत नसेल, तर आधी फर्मवेअरचे तक्ते तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. धडधाकट लॅपटॉप भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, असा सल्ला तेव्हापासून सगळीकडे दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण पुढे झाकण लावले तरी यंत्र झोपत नाही, बॅगेत तापते, बॅटरीचे टक्के दिसत नाहीत. मग ‘लिनक्सच खराब’ किंवा ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल लागतो. पुष्कळदा चूक तिसरीकडेच असते.

पीसीआय (यंत्राच्या आतली जोडणी) किंवा यूएसबीवर जोडलेली वस्तू स्वतःची ओळख सांगते. झाकणाचा स्विच, बॅटरी, पंखा यांना ते जमत नाही. ते कुठे जोडले आहेत हे फर्मवेअर, म्हणजे आपण ज्याला बायोस म्हणतो ते, तक्त्यांच्या रूपात ऑपरेटिंग सिस्टिमला कळवते. या तक्त्यांचे मानक एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये आणले. २०१३ पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे.

बहुतेक तक्त्यांच्या सुरुवातीला ३६ बाइटचे शीर्षक असते आणि सर्व बाइटांच्या बेरजेचे शेवटचे आठ बिट शून्य यावे लागतात. बेरीज जुळली म्हणजे मजकूर वाटेत बिघडला नाही एवढेच कळते. तो खरा आहे की नाही, ते नाही. आणि डीएसडीटी हा मुख्य तक्ता म्हणजे नुसती यादी नव्हे. त्यात छोटे प्रोग्रॅम असतात आणि ते कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालतात. झाकण उघडे आहे का, बॅटरीत किती उरले, याची उत्तरे हे प्रोग्रॅम देतात. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणक-बोर्डावर या कामासाठी वापरतात त्या ‘डिव्हाइस ट्री’मध्ये फक्त माहिती असते, प्रोग्रॅम नसतो. म्हणून तिथली चूक शोधणे सोपे जाते.

खरी मेख पुढे आहे. डीएसडीटी विचारतो, ‘तू अमुक विंडोज आहेस का?’ विंडोज ७ ला होकार आला की ‘ओसिस’ नावाच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) ०७डी९ हा षोडशमान (१६ च्या पायातला) आकडा भरला जातो, म्हणजेच २००९. विंडोज १० साठी २०१५. पुढचे वागणे या आकड्यावर ठरते. उत्पादक मुख्यतः विंडोजवरच चाचणी घेतात, त्यामुळे लिनक्सचा कर्नल अशा प्रश्नांना ‘हो’ म्हणतो आणि ‘तू लिनक्स आहेस का?’ याला मुद्दाम ‘नाही’ म्हणतो. तरीही विंडोजचा ड्रायव्हर गुपचूप सांभाळून घेत असलेली चूक इथे उघडी पडतेच.

दुरुस्ती करणाऱ्यांनी आधी बायोस अद्ययावत करावा. मग ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाईल उघडावी. तिच्यात चौकटी कंसातली पद्धत चालू असते. ‘डीप’ म्हणजे एस३ झोप. तिच्यात रॅम जागी ठेवून बाकी जवळजवळ सगळ्याची वीज तोडली जाते. ‘डीप’ दिसत असून कंस ‘एस२आयडल’ या हलक्या झोपेला असेल, तर कर्नलला सुरू होताना ‘मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप’ हा पर्याय द्यावा. ‘डीप’ दिसतच नसेल, तर बहुधा फर्मवेअरने एस३ जाहीरच केलेले नाही. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘स्लीप स्टेट’ असा पर्याय असतो. तो ‘लिनक्स’वर ठेवला की एस३ परत येते.

कर्नलच्या नोंदींत ‘एसीपीआय बायोस एरर’ दिसली म्हणून घाबरू नये, त्यातल्या कित्येक निरुपद्रवी असतात. बिघाड झोपेचा किंवा बॅटरीचा असेल आणि चूकही त्याच उपकरणाच्या नावावर असेल, तरच खोलात जावे. ‘एसीपीआयडम्प’ या साधनाने तक्ते काढावेत, ‘आयएएसएल’ या साधनाने वाचनीय करावेत, दुरुस्त तक्ता आरंभीच्या रॅमडिस्कला (सुरू होताना कर्नलसोबत मेमरीत चढणाऱ्या फाईलसंचाला) जोडावा. त्यातला ओईएम आवृत्तीचा आकडा वाढवला नाही, तर कर्नल नवा तक्ता घेत नाही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना सहसा हे करू दिले जात नाही.

दोन गोष्टी कृपया करू नयेत. ‘एसीपीआय=ऑफ’ हा कर्नलचा पर्याय रामबाण म्हणून सांगितला जातो, पण त्याने बॅटरी आणि झाकण तर जातातच, शिवाय प्रोसेसरच्या कोरची यादीही एसीपीआयच्याच तक्त्यात असल्याने अनेक यंत्रांवर एकच कोर चालतो. दुसरे, दुसऱ्या मॉडेलचा डीएसडीटी उतरवून घालू नये. त्यात मेमरीचे ठरावीक पत्ते असतात आणि ते बायोसच्या आवृत्तीनुसारही बदलू शकतात. म्हणूनच बायोस बदलला की स्वतः केलेली दुरुस्तीही काढून पुन्हा तपासावी लागते.

पण हे काम ग्राहकाचे नाही, उत्पादकाचे आहे. शाळा आणि सरकारी कार्यालये शेकड्यांनी लॅपटॉप घेतात. त्यांच्या निविदेत प्रोसेसर आणि रॅमच्या ओळीखाली आणखी एक अट घालावी: नमुना यंत्र लिनक्सवर सलग ३० वेळा झोपून जागे झाले पाहिजे, प्रत्येक वेळी बॅटरीचा आकडा बरोबर आला पाहिजे आणि ‘एफडब्ल्यूटीएस’ या मोफत चाचणी-संचाचा अहवाल सोबत जोडला पाहिजे.

आपला,
एक वाचक, पुणे